घरी इस्त्री करता का हो अजून कोणी?

रेवा_मनीषनगर
लेकाची इंजिनीअरिंगची ॲडमिशन बाहेरगावी झाली. होस्टेलच्या सामानाच्या यादीत मी इस्त्री लिहिली आणि घरात दोन तट पडले. नवरा म्हणतो घेऊन दे, लेक म्हणतो कशाला, मी टीशर्टच घालतो. आमच्याकडची इस्त्री सध्या कपाटाच्या वर, सुटकेसच्या मागे आहे. सणासुदीला एखादी साडी, बस. बाकी सगळं खालच्या प्रेसवाल्याकडे जातं, आठ रुपये नग, साडीचे वेगळे.

माझं मत विचाराल तर नागपुरात घरी इस्त्री करणं आता झेपत नाही. मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत आणखी एक तापलेलं लोखंड हातात कोण धरेल? पंखा लावावा तर कपडा उडतो, कूलर लावावा तर खोलीत दमटपणा येऊन खळीची साडी तासाभरात लोळते.

तर सांगा, करता का? घरात कोण करतं? आणि पोराला घेऊन द्यायचीच झाली तर साधी की वाफेची?

बर्डीचा_पोट्टा
ताई, आपली इस्त्री म्हणजे गादी. रात्री पँट गादीखाली, सकाळी कडक. वीजबिल शून्य. फक्त झोपेत कूस बदलाची नाही, नाही तर एका पायाले दोन क्रीज.

वाळ्याची_ताटी
@बर्डीचा_पोट्टा, धंतोलीत खोली करून राहायचो तेव्हा माझा रूममेट अख्खं कपाट गादीखाली ठेवायचा. इंटरव्ह्यू असला की गादीवर बसायचीही बंदी.

सुलभाकाकू
रेवा, तुम्ही विजेच्या इस्त्रीला कंटाळता होय! आमच्या सासरी इतवारीत कोळशाची होती, पितळेची. नुसती उचलायची म्हटलं तरी मनगट भरून यायचं. झाकण उघडून निखारे भरायचे, वर दोन कोळसे ठेवायचे, मग पुठ्ठ्यानं वारा घालायचा. राख झटकताना तोंड कपड्यापासून दुसरीकडे करायचं, नाही तर पांढऱ्या सदऱ्यावर ठिणगी पडलीच म्हणून समजा. आधी जुन्या फडक्यावर फिरवून पाहायची, मग सदऱ्याला हात लावायचा. घाईच्या दिवशी पितळी तांब्यात निखारे टाकून सांडशीत धरायचा आणि निदान कॉलर तरी सरळ करायची.

यजमान एम्प्रेस मिलमध्ये होते. १९८६ ला मिल बंद पडली तोवर आमच्या घरात सगळं सुती. टेरिकॉट (पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्र कापड) शेजारपाजारी आधीच आलं होतं, त्या बायकांची निम्मी मजुरी वाचली. आता तुम्ही मुली हौसेनं लिनन घेता आणि चुण्या पडतात म्हणून रडता.

धागादोरा
सुलभाकाकूंनी मुद्द्याला हात घातला. मी कापड-तंत्र शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

सुती कापड सुरकुततं ते पाण्यामुळे. कापसाच्या तंतूत सेल्युलोजच्या साखळ्या असतात, त्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओलं झालं की हे बंध सुटतात, आणि कपडा ज्या अवस्थेत वाळेल त्या अवस्थेत पुन्हा जुळतात. बादलीत पिळून बोळा केला आणि तसाच दोरीवर टाकला, तर तो बोळा कापडाच्या लक्षात राहतो. म्हणून इस्त्रीआधी पाणी शिंपडायचं: बंध सोडवायचे, दाबून सरळ करायचे, उष्णतेनं तिथंच वाळवायचे. कोरड्या सुती शर्टावर नुसती गरम इस्त्री घासत बसणं म्हणजे हाताचा व्यायाम.

पॉलिएस्टरचं गणित निराळं. ते साधारण सत्तर-ऐंशी डिग्रीला मऊ पडायला लागतं. म्हणून त्याला कमी तापमान पुरतं आणि एकदा पाडलेली क्रीज बरेच धुणे टिकते. इस्त्रीच्या खुणेत एक टिंब म्हणजे ११० डिग्रीपर्यंत, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. कॉलरच्या लेबलावर ही टिंबं असतात. लोक लेबल टोचतं म्हणून आधी तेच कापून टाकतात.

आता आपल्या गावाचा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कपडा इतक्या झटपट वाळतो की पापड होतो. उपाय एकच, किंचित दमट असतानाच काढा, खांद्यांना धरून दोनदा झटका, हातानं शिवणी ओढा आणि घडी घालून वर वजन ठेवा. रोजच्या सुती कपड्याचं निम्मं काम तिथंच होतं.

रेवा_मनीषनगर
दमट असताना काढायचा म्हणजे गच्चीवर उभंच राहायला पाहिजे हो सर. मी टाकून खाली येते तोवर वाळलेला असतो.

बर्डीचा_पोट्टा
सर, ते 'बंध सुटतात' वाचून डोळ्यात पाणी आलं. पण वॉशिंग मशीनमध्ये तीन तास विसरलेल्या कपड्याचं काय करावं तेही सांगा न.

धागादोरा
पुन्हा धुवावं. पावसाळ्यात तर वासासाठीही.

शून्यमैल
मी इस्त्री बंद केली आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. २०२४ च्या मे महिन्यात सीएसआयआरनं (केंद्राची वैज्ञानिक संशोधन परिषद) 'रिंकल्स अच्छे हैं' अशी मोहीम काढली होती, दर सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून या म्हणून. मूळ कल्पना आयआयटी मुंबईचे प्रा. चेतनसिंह सोळंकी यांच्या एनर्जी स्वराज फाउंडेशनची. त्यांचा हिशोब असा की एका जोडाच्या इस्त्रीत जवळपास २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो. आपली नीरी, म्हणजे पर्यावरण संशोधन संस्था, सीएसआयआरचीच प्रयोगशाळा, म्हणजे ही हाक वर्धा रोडपर्यंत आलीच होती. आपल्या कोराडीच्या वीजकेंद्राची धुरांडी रोज पाहणाऱ्यांनी तरी याचा विचार करावा.

प्लगपिन
शून्यमैलभाऊ, हिशोब मी करून पाहिला. साधी इस्त्री हजार वॅटची. सहा मिनिटं सलग चालली असं धरा, तर एक दशांश युनिट. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे नगाला पाऊणशे ग्रॅम, शर्ट-पँटचे दीडशे. दोनशेच्या आसपास येतंय, मोहीमवाल्यांनी काही फेकलेलं नाही. त्यातही थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची पट्टी असते, ती तापली की वाकून करंट तोडते. म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच.

पण दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर सहा-सात युनिटं सहज. तेवढ्यात साठ-सत्तर कपडे प्रेस होतील. एसी लावून झोपायचं आणि सकाळी चुरगळलेला शर्ट घालून पृथ्वी वाचवायची, हे काही मला पटत नाही.

शून्यमैल
माझ्याकडे एसी नाही. कूलर आहे.

प्लगपिन
मग माफ. खरंच.

बिलाचं मात्र एक ध्यानात ठेवा मंडळी. महावितरणचे स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटांचे आहेत. हिवाळ्यात केलेली इस्त्री आणि मेमध्ये तीनशेच्या वर गेल्यावर केलेली इस्त्री एकाच भावात पडत नाही.

वाळ्याची_ताटी
म्हणजे वर्षभराचे कपडे जानेवारीतच प्रेस करून ठेवायचे.

कोर्टकचेरी
बिनइस्त्रीचा सोमवार आमच्या वकिलीच्या धंद्यात चालत नाही. हायकोर्टाच्या खंडपीठात गळ्याला चुरगळलेला पांढरा बँड लावून उभं राहून दाखवा! उन्हाळ्यात खालच्या कोर्टात काळ्या कोटाची सूट असते, हायकोर्टात तीही नाही, आणि पांढऱ्या बँडला कुठेच सूट नाही. तो दोन बोटांचा तुकडा असतो, पण कडा गुंडाळल्या की दिवसभर हनुवटीखाली नाचतो.

बँड मी कधीच बाहेर देत नाही, स्वतः करते. खळीच्या पाण्यात बुडवायचा, टॉवेलमध्ये दाबायचा (पिळायचा नाही), आणि ओला असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री. टोकाकडून गळ्याकडे, उलट नाही. गळ्याकडून आलात की टोकाला चुणी जमा होते. कॉलरचंही तसंच, दोन्ही टोकांकडून मध्यावर यायचं. आमचे हे आजही कॉलरच्या मधूनच सुरुवात करतात आणि मग म्हणतात इस्त्री बिघडली आहे.

सदू_पुण्यात_सध्या
पुण्यात आल्यापासून एक कळलं, इथे सोसायटीत प्रेसवाला व्हॉट्सॲपवर हिशोब पाठवतो. नागपूरला आमच्या प्रतापनगरचा प्रेसवाला भिंतीवर कोळशानं लिहायचा आणि भिंत रंगवली की आमची उधारी माफ.

बर्डीचा_पोट्टा
@सदू, पुण्यात दुपारी एक ते चार इस्त्री पण थंड ठेवतात काय?

सदू_पुण्यात_सध्या
आलाच का तू.

सार्जंट_निवृत्त
वायुसेनानगरमध्ये बरीच वर्षं काढली. माझी इस्त्री आजही मीच करतो, सौ.लाही हात लावू देत नाही. रेवाताई, तुमच्या चिरंजीवांना सांगा की वर्दीची बाही आतून-बाहेरून एकाच रेषेत आली पाहिजे. पँटची क्रीज टिकवायची तर एक जुनी युक्ती: पँट उलटी करून जिथे क्रीज येणार त्या रेषेवर आतून कोरडा साबण घासायचा, मग सुलटी करून ओल्या फडक्यावरून दाबायची. क्रीज आठवडाभर हलत नाही. एनसीसीच्या पोरांना हे माहीत असतं.

आणि गडद रंगाच्या पँटवर थेट इस्त्री फिरवू नका, चमक येते. प्रेसवाले घाईत तेच करतात. गुडघा आणि बसायची जागा बघा, आरसा झालेला असतो.

निळीपांढरी
आमच्याकडे वर्षभर इस्त्रीचा आळस, पण दसऱ्याच्या आदल्या रात्री नाही. दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीला जायचं तर घरातल्या सगळ्यांचे पांढरे कपडे: आईची आणि मावशीची साडी, बाबांचा सदरा-पायजमा, पोरांचे झगे. आधी निळीच्या पाण्यातून काढायचे, त्यात नीळ नीट विरघळली नसेल तर ठिपके पडतात म्हणून फडक्यातून गाळून घ्यायची. मग रात्री जेवणं झाली की जमिनीवर सतरंजी, तिच्यावर दुहेरी चादर, आणि बाबा बसतात इस्त्री घेऊन. बाहेर देत नाही कारण पांढऱ्यावर सगळं दिसतं. इस्त्रीच्या तळाला जळलेल्या नायलॉनचा एक तांबूस कण जरी चिकटलेला असला तरी तो साडीभर रेघ ओढत जातो. बाबा आधी इस्त्री गार असताना ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन तळ पुसतात, मग फडकं फिरवून खात्री करतात, मगच साडी. १९५६ साली आजोबा पांढऱ्या कपड्यात गेले होते, ते कपडे आजीनं तांब्यानंच सरळ केले होते असं आत्या सांगते. सुलभाकाकूंचं वाचून ते आठवलं.

सुलभाकाकू
निळीपांढरी, सोडा घरच्यांनाच जमतो गं. आम्ही मेणबत्ती घासायचो तळाला आणि मग पुसायचो. आता त्या काळ्या नॉनस्टिक तळांना तेही चालत नाही म्हणतात.

प्लगपिन
नॉनस्टिकला सोडाही जरा जपून काकू, चोळायचं नाही. ओलं फडकं आणि साबणाचं पाणी बस.

गोकुळपेठी
विषय सोडून विचारते. सासूबाईंची करवतकाठी टसर (रेशमी साडी) आहे, घडीवर पिवळट रेष आली आहे. घरी इस्त्री करू की दुकानात रोल प्रेसला देऊ?

धागादोरा
टसरला पाणी शिंपडू नका, डाग धरतं. उलट्या बाजूनं, वर मलमलचं फडकं टाकून, मध्यम आचेवर. आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. ती रेष घडीचीच असते, पुढे कापड तिथूनच तुटतं. जरीवर तर थेट लोखंड कधीच नाही.

डॉ_खाजकुजली
इथे सगळे दिसण्याबद्दलच बोलताहेत म्हणून माझे दोन पैसे. पावसाळ्यात ओपीडीत गजकर्णाची रांग लागते. घट्ट जीन्स, घाम, आणि पंख्याखाली अर्धवट वाळलेले कपडे. औषधाबरोबर मी सांगतो की कपडे गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा, आणि आतल्या कपड्यांना शिवणीवर कडक इस्त्री करा. बाकी शर्टाला इस्त्री नसली तरी मला काही म्हणायचं नाही. अंतर्वस्त्रं पूर्ण वाळलेली पाहिजेत. घरातल्या सगळ्यांचा टॉवेल एकच असेल तर इस्त्रीनंही काही होणार नाही.

बर्डीचा_पोट्टा
डॉक्टर, प्रेसवाल्याले चड्डी देली तर तो नगात धरते काय?

डॉ_खाजकुजली
म्हणूनच घरी इस्त्री ठेवायची.

कोर्टकचेरी
धाग्याला पहिलं सबळ कारण मिळालं.

खामल्याची_माधुरी
एक कोणीच बोलत नाहीये. 'घरी इस्त्री करता का' याचा अर्थ बहुतेक घरांत 'बायको करते का' असाच असतो. इथे सार्जंटकाका आणि निळीपांढरीचे बाबा अपवाद. माझ्या माहेरी आई पाच जणांचे कपडे करायची, स्वतःची साडी मात्र हातानं चापून नेसायची. मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, ज्याचा शर्ट त्याची इस्त्री. नवरा लगेच प्रेसवाल्याचा नंबर घेऊन आला.

सदू_पुण्यात_सध्या
पुरुषांनी आळसापायी का होईना, एका माणसाला रोजगार दिला की.

खामल्याची_माधुरी
हो, आणि महिनाअखेरीला त्याचे पैसे द्यायला दारात कोण जातं? मीच.

त्रिमूर्ती_चौक
रोजगाराचं निघालं म्हणून लिहितो. आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली प्रेसवाला बसायचा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ऑफिसचे शर्ट बंद झाले, शाळेचे गणवेश बंद झाले, त्याचं सगळंच बंद झालं. तो गावाकडे गेला तो नंतर आला, पण निम्मी गिऱ्हाइकं टीशर्टवर गेलेली. मिहानच्या आयटी कंपन्यांत जाणारी आमच्या मजल्यावरची पोरं तर शर्ट फक्त लग्नाला घालतात. आता तो कोळसा सोडून गॅसच्या इस्त्रीवर आला आहे. राख नाही, झटपट तापते, पण सिलिंडरचा खर्च नगावर चढला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघांनी जिन्याखाली सिलिंडर नको म्हणून हरकत घेतली, आणि आगीच्या दृष्टीनं ती चूकही नाही. तोडगा म्हणून त्याला गेटबाहेर टिनाचं शेड दिलं. मेमध्ये त्या टिनाखाली उभं राहून बघा एकदा. आपण घरात करायला कंटाळतो तेच काम तो तिथं करतो.

शून्यमैल
तमिळनाडूत तिरुवन्नामलईच्या विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीनं सौरऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी तयार केली होती. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ती बोललीही. ऊन तर आपल्याकडे सत्तेचाळीसपर्यंत जातं. अशा गाड्या नागपूरच्या रस्त्यावर यायला हव्यात.

त्रिमूर्ती_चौक
कल्पना उत्तम. पण गाडी उन्हात उभी राहणार, म्हणजे माणूसही उन्हातच उभा राहणार का? पॅनेल वर गच्चीवर आणि इस्त्री खाली सावलीत, असं काही झालं तर पहिला मीच सोसायटीत ठराव मांडतो.

वाळ्याची_ताटी
डिसेंबरात या मंडळी. विधिमंडळाचं अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्समध्ये इतकी खादी कडक होऊन फिरते की ती काढून ठेवली तरी उभी राहील.

बर्डीचा_पोट्टा
खादी उभी राहील, आतला बसेल.

सूत्रधार
राजकारण दुसऱ्या धाग्यावर. इथे फक्त कपडे.

रेवा_मनीषनगर
बाप रे, केवढं वाचायला मिळालं. मधल्या काळात होस्टेलची नियमावली आली. खोलीत हीटर, केटल आणि इस्त्री यांना बंदी, सापडली तर जप्त. दर मजल्यावर एक सामाईक टेबल आहे म्हणे. लेक खूश. पण टेबलावर इस्त्री त्यांची असते की आपली न्यायची, ते काही लिहिलेलं नाही.

सार्जंट_निवृत्त
त्यांची असेल तर तळ बघून घ्यायला सांगा. दोनशे पोरांनी वापरलेली असते. शर्टावर रुमाल टाकून त्यावरून फिरवायची, एवढं शिकवून पाठवा.

प्लगपिन
आपली न्यायची असेल तर साधी, हलकी, हजार वॅटची. वाफेची नको. होस्टेलात बोअरचं खारं पाणी असेल तर वाफेची भोकं क्षारांनी बुजतात आणि मग ती पांढरं थुंकते. आरओ फिल्टर जे पाणी फेकून देतं ते तर मुळीच घालू नये, क्षार सगळे त्यातच जमलेले असतात.

गोकुळपेठी
मी एसीचं पाणी घालते. चालतं ना?

प्लगपिन
क्षार नसतात, पण धूळ आणि शेवाळाचा अंश येतो. काही कंपन्या नको म्हणतात. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी घ्या.

खामल्याची_माधुरी
रेवाताई, इस्त्री देऊ नका, पण जायच्या आधी दोन शर्ट त्याच्याकडून करून घ्या. कॅम्पस इंटरव्ह्यूला आई नसते.

रेवा_मनीषनगर
काल बसवलं होतं. कोर्टकचेरीताईंची कॉलरची पद्धत दाखवली. बाहीला दोन रेषा आल्या, कॉलर मात्र फर्स्ट क्लास.

गोकुळपेठी
कोर्टकचेरीताई, ती खळ कशाची करता? बाजारचा स्प्रे की घरची? माझ्या कॉटनच्या साड्यांना हवी आहे.

कोर्टकचेरी
घरची, साबुदाण्याची. मूठभर साबुदाणा तासभर भिजवायचा, लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि साडीसाठी आणखी अर्धी बादली पाणी घालून पातळ करायचा. बँडसाठी मी पातळ करत नाही. भाताची पेजही चालते, फक्त मीठ घातलेली नको.

सुलभाकाकू
आणि खळीची साडी पावसाळ्याआधी धुऊन, बिनखळीची करून ठेव गं. कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, खळीवरच येते. वर डांबरगोळ्या टाकल्या की झालं.

निळीपांढरी
काकू, डांबरगोळ्यांचा वास दसऱ्यापर्यंत जात नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा.

सुलभाकाकू
पाल्यानं कसर जात नाही, मी पाहिलंय. यावर वेगळा धागा काढ, मी येते भांडायला.